पुढच्या ब्रेकचा तांबडा दोरा

३ फेब्रुवारी

उस्ताद,

नमस्कार. अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा प्रस्तावनेत वेळ दवडत नाही. माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला, माउंटन बाइक हवी आहे. एप्रिलमध्ये तिला अठरा वर्षे पूर्ण होतील आणि आत्याकडून तिने दुसरे काहीही मागितलेले नाही.

मी तीन दुकाने पाहिली. पहिल्या दुकानदाराने मुलीची उंचीही न विचारता तिच्यापुढे एक सायकल उभी केली, कारण ती ‘मुलींना शोभेल अशा रंगात’ होती. दुसऱ्याने पुढे आणि मागे असे दोन शॉक असलेली दाखवली. मागचा कशासाठी, असे विचारल्यावर ‘दमदार दिसते’ हे उत्तर मिळाले. फ्रेमचे माप कोणत्या दोन बिंदूंमध्ये घेतात, हे तिसऱ्याला सांगता आले नाही. वजने आणि मापे तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली आहे. ज्याला स्वतःच्या मालाचे माप ठाऊक नाही, त्याच्याकडून मी सुईसुद्धा घेणार नाही.

तुम्ही सायकलींचे काम सोडल्याचे ऐकून आहे. तरीही सायकल तुम्ही निवडावी आणि जोडणी तुमच्याच हातची असावी, अशी माझी विनंती आहे. अट एकच. ब्रेक तेलाचे असावेत, तारेचे नकोत. तेलाचे ब्रेक एकदा बसवले, की एखाद्या दुपारी उठून कोणालाही त्यांत हात घालता येत नाही.

धाकट्याची ताई


११ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. फोडायला दोन दिवस घेतले. म्हटलं, अकरा वर्षांनी बोल लावायला लिहिलं असेल. आत निघाली सायकल.

मी आता शिवणयंत्रं दुरुस्त करतो. शिंप्यांच्या गल्लीत मागच्या अंगाला एक खोली आहे. बरं काम आहे. यंत्र बिघडलं तर फार तर टाका सुटतो. ते माणसाला पाठीवर घेऊन डोंगर उतरत नाही. लंब्या मी जोडलेल्या सायकलवर मनोऱ्याच्या डोंगरावर गेला आणि तिसऱ्या वळणावरून परत आलाच नाही. त्यानंतर महिनाभरात दुकानाला कुलूप लावलं. तुमचा धाकटा तो माझा लंब्या. अजून तेच नाव तोंडात येतं, राग मानू नका.

तरी विचारलंत म्हणून सांगतो. मागचा शॉक नको, चढावर निम्मी ताकद तोच खातो. पुढचा पुरे. चाक मोठं घ्या, टायर दोन बोटांहून रुंद. फ्रेमचं माप उंचीवरून घेऊ नका, पायाच्या आतल्या लांबीवरून घ्या. भिंतीला पाठ टेकवून, अनवाणी, दोन पायांमध्ये पुस्तक धरून उभं करा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. आणि ती चालवणार कुठे, ते कळवा. रंग सगळ्यांत शेवटी.

निवडून देतो. जोडूनही देतो, पण ब्रेक सोडून. ते दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्या. तेलाचे का मागितलेत ते कळलं मला. माझ्या हातांवर भरवसा नाही तुमचा, आणि तो नसावाच.

उस्ताद


२० फेब्रुवारी

उस्ताद,

पायाची आतली लांबी सातशे एकोणऐंशी मिलिमीटर. तीन वेळा मोजली. तिन्ही मापांत एक मिलिमीटरहून अधिक फरक नाही. उंची एक मीटर अडुसष्ट. मापे घेताना भाचीची टकळी चालूच होती. “आत्या, सायकल शिवून घेणार आहेस का माझ्यासाठी?” असे तिने विचारले. शिंप्यांच्या गल्लीविषयी तिला मी अद्याप काही बोललेले नव्हते, म्हणून ते वाक्य मी लक्षात ठेवले.

ती कुठे चालवणार, हे तुम्ही विचारता. मनोऱ्याच्या डोंगरावर. दुसऱ्या कोणत्याही डोंगराचे नाव तिने काढलेले नाही.

भावजयीला मी सायकलचे सांगितले आहे, तुमचे नाही. ती रुग्णालयातून दमून येते आणि तुमचे नाव घरात काढू देत नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर तुमच्या हातून चूक झाली असे मी कधीही, कोणाजवळही म्हटलेले नाही. हे वाक्य कृपया जसेच्या तसे वाचावे. ब्रेकसुद्धा तुम्हीच बसवाल, ही अपेक्षा मी मागे घेत नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. धाकट्याची सायकल जिन्याखालच्या खोलीत दोन आकड्यांना टांगलेली आहे. मोडकी वस्तू मला घरात ठेवता येत नाही, म्हणून त्याच वर्षी मी तिचे पुढचे चाक बदलून घेतले आणि हँडल सरळ केले. गेल्या काही महिन्यांपासून तिन्हीसांजेला त्या खोलीतून फ्रीव्हीलचा आवाज येतो. टिक टिक टिक, मग संथ, मग बंद. पायडल न मारता उतरावर सोडलेली सायकल जसा आवाज करते, तसा. मी वर स्वयंपाकघरात असते. खाली येऊन दार उघडेपर्यंत काहीही नसते. मी मागच्या टायरवर खडूने एक खूण करून ती फ्रेमच्या रेषेशी जुळवली. पहिल्या दिवशी ती चाळीस अंश सरकली होती. दुसऱ्या दिवशी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी एकशे दहा अंश. उंदीर चाक फिरवत नाहीत, आणि त्या खोलीला खिडकी नाही.

ताई


७ मार्च

ताई,

सायकल मिळाली. मधल्या मापाची फ्रेम, पुढे शॉक, मागे नुसतं पोलाद. पोरीची मापं घेतलीत ती एवढी नेमकी, की दुकानदाराने मला विचारलं, बाई घड्याळजी आहेत का. राखाडी रंगात आहे. दुसऱ्या रंगासाठी थांबलो असतो तर माप मोठं मिळालं असतं. खोकं माझ्या खोलीत आलंय. अजून उघडलेलं नाही.

तुमचं ते एक वाक्य जसंच्या तसं वाचलं. चांगल्या मनाने लिहिलंत. पण मीच सांगतो, म्हणजे परत कोणी सांगायला नको.

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. लंब्याचे हात लहानपणापासून तसेच वळलेले. त्याची ती नवी सायकल परदेशातून खोक्यात आली, तिच्यात पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता, तिकडच्या रिवाजाचा. दोन तारा अदलाबदल करायच्या, एवढंच काम. उतारावर मागचा समजून डाव्या हाताने पुढचा ब्रेक गच्च दाबला, तर सायकल मागून उचलते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. हे मला ठाऊक होतं. म्हणूनच माझी पद्धत होती की पुढचा ब्रेक ज्या लिव्हरला असेल तिला तांबड्या दोऱ्याचे सात वेढे. गिऱ्हाइकाच्या बोटाला दोरा लागला की डोक्याला कळतं. आणि हे काम सगळ्यांत शेवटी. दोरा बांधला म्हणजे ब्रेक तपासून झाला.

मला आठवतं, तारा बदलल्या, दोरा बांधला, दाताने तोडला. त्या दोऱ्याची चवसुद्धा आठवते. पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणाखालून सायकल मीच उचलली. तेव्हा पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता आणि दोरा कुठेच नव्हता. म्हणजे काम राहिलं होतं. मी केलं नव्हतं आणि केल्याचं मला आठवत होतं. ताई, चूक होते माणसाची. पण आपल्याच हातांनी आपल्याशी खोटं बोलावं? यंत्रात तेल घातलं तरी मी आता तीनदा बघतो, घातलं का.

त्या खोलीतल्या आवाजाचं मला नवल वाटत नाही. मला तो इथेसुद्धा येतो, यंत्रं बंद केली की.

पोरीला एक विचारा. तिचे हात कशावर वळलेत? डाव्या हाताने ती कोणता ब्रेक दाबते?

उस्ताद


१२ मार्च

उस्ताद,

तुमचे पत्र मिळाले. त्याच्या मधल्या भागाविषयी मी आज काही लिहीत नाही.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. काल प्रयोगशाळेतून लवकर येऊन जिन्यावर बसून राहिले. टिकटिक सुरू होताच दार उघडले. भाची आत होती. सायकल तिने खाली उतरवली होती आणि दोन्ही भिंतींच्या मधोमध, पाय न टेकवता, तोल सांभाळून ती बसली होती. डोळे मिटलेले, बोटे लिव्हरवर.

“काय चालले आहे?”

“हात बसवतेय. बाबांचे हात जिथे असायचे तिथे.”

“हे किती दिवस?”

“झालं की वर्ष. तू प्रयोगशाळेत गेलीस की मागच्या रस्त्यावर चालवते. संध्याकाळी इथे बसते, तुझी पावलं जिन्यावर वाजली की सायकल टांगून निसटते. आता उतारावर हात न सांगता जातात. आई म्हणते, आत्याला मुंगीच्या पायाचं वजन कळतं. चाकावरची तुझी खडूची खूण कोण हलवतं, ते नाही होय कळलं?”

उलगडा झाला. मात्र माझ्या नोंदींपैकी दोन दिवस ती शिबिराला गेलेली होती आणि त्या दोन्ही दिवशी खूण सरकलेली आहे. मी नोंदी पुन्हा तपासल्या. त्या बरोबर आहेत.

तेव्हा तिचे हात त्याच सायकलवर वळले आहेत: डावा हात पुढचा, उजवा मागचा. नव्या सायकललाही पुढचा ब्रेक डाव्या हाताला असावा. कारण कृपया विचारू नये.

ताई


२४ मार्च

ताई,

कारण विचारत नाही. पण नाही म्हणतो.

पोर येऊन गेली परवा. तुम्ही पत्ता दिला नव्हतात, तिने पाकिटावरून घेतला. दारात उभी राहून म्हणाली, “काका, तुम्ही शिवणयंत्रवाले की सायकलवाले?” म्हटलं, “तू कोण, गिऱ्हाईक की पोलीस?” तर म्हणे, “मी लंब्याची.” मी तिला आत घेतलं. बापासारखीच दाराला डोकं लागेल म्हणून वाकते, डोकं लागत नसताना.

चहा घेतला. खोकं तिनेच उघडलं. फ्रेमवर उभी करून बघितली, दोन पायांत चार बोटं जागा राहते. बरोब्बर. मग ब्रेकचं काढलं. मी म्हटलं, “बाळा, तुझ्या बाबांच्या सायकलला जे आहे ते चुकीचं आहे. ती माझी चूक आहे. तू ती पाठ केलीयस.” ती म्हणाली, “आत्या म्हणते, ते चूक नाही. सायकलबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणे आहे.” म्हटलं, “आत्याला काय ठाऊक सायकलीतलं?” तर हसली. म्हणे, “आत्याला पुस्तिकेतलं सगळं ठाऊक असतं.”

ताई, तुम्ही माझी चूक पदराखाली घालताय, ते समजतं मला. पण ज्या चुकीने बाप गेला तीच मी लेकीच्या हातात मुद्दाम बांधून देऊ? पुढचा उजव्यालाच राहील. लागू देत तिला सहा महिने, हात पुन्हा वळवू देत. आणि हे पटत नसेल, तर खोकं घेऊन जा. दुसऱ्याकडे द्या.

उस्ताद


२ एप्रिल

उस्ताद,

पुढचा ब्रेक उजव्या हाताला बसवू नये. ती सहा महिने थांबणार नाही. ती महिनाभरात डोंगरावर जाईल, आणि तिसऱ्या वळणावर तिचे हात जे शिकले आहेत तेच करतील. आता कारण लिहिते.

तुम्ही काम केले होते. तारा बदलल्या होत्या आणि दोरा बांधला होता.

तुम्ही सायकल आणून दिलीत त्या दुपारी धाकटा बाहेर गेला होता. सायकल अंगणात उभी होती आणि पुस्तिका सीटला अडकवलेली होती. मी ती वाचली. सातव्या पानावर आकृती होती, तीत पुढचा ब्रेक डाव्या हाताला दाखवला होता. तुम्ही उजव्याला दिला होता. आपल्याकडचे हात लहानपणापासून कसे वळलेले असतात, हे मलाही ठाऊक होते. पण निर्मात्याची आकृती समोर असताना एका गल्लीतल्या कारागिराची जोडणी मला बरोबर वाटणे शक्यच नव्हते. मी माझ्या पेटीतल्या किल्ल्या घेतल्या आणि दोन्ही तारा आकृतीप्रमाणे लावल्या. लिव्हरची मोकळीक दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या आत सारखी केली. काम फार सुबक झाले होते. दोरा मी कात्रीने कापला. नव्या उपकरणावर तो चिंधी बांधल्यासारखा दिसत होता.

धाकट्याला मी सांगितले नाही. लपवायचे होते म्हणून नव्हे. सांगावे असे वाटलेच नाही. बरोबर असलेल्या गोष्टीची सूचना द्यावी लागत नाही, अशी माझी समजूत होती. तो रात्री उशिरा आला आणि उजाडताना गेला. मी झोपले होते.

त्यानंतर तुम्ही आमच्या दारात आलात. “ताई, माझ्या हातून,” इतके म्हणालात आणि थांबलात. ते वाक्य मी तिथेच तोडू शकले असते. मी तुम्हाला पाणी आणून दिले आणि वाक्य पुरे करू दिले. भावजय माझ्या मागे उभी होती. तिनेही ते ऐकले.

फेब्रुवारीत मी तुम्हाला लिहिले, की तुमच्या हातून चूक झाली असे मी कधीही म्हटलेले नाही. ते अक्षरशः खरे होते. इतके खोटे वाक्य मी आयुष्यात दुसरे लिहिलेले नाही. तेलाचे ब्रेक मागितले, तेही तुमच्या हातांना भिऊन नव्हे. मला माझ्या हातांपासून ती सायकल जपायची होती.

काल दोघींनाही सांगितले. भाची उठून जिन्याखालच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी घातली. भावजय गणवेशाला इस्त्री करत होती. तिने बाही पुरी केली, घडी घातली आणि म्हणाली, “अकरा वर्षं तू त्या माणसाला माझ्या दाराबाहेर उभं केलंस.” आज तिला मला जे सांगायचे होते, ते तिने भाचीकडून कळवले.

सोबत दोरा आहे. माझ्या कंपासपेटीत होता. फेकता आला नाही, का ते मला सांगता येणार नाही. सात वेढ्यांच्या वळ्या अजून त्यात दिसतात. एका टोकाला तुमच्या दातांची खूण आहे, दुसऱ्याला माझ्या कात्रीची.

ताई


२३ मे

ताई,

उशीर झाला. पोरीचा वाढदिवस गेला. ती तीनदा येऊन गेली, प्रत्येक वेळी म्हणे, “काका, लिहायचं नसेल तर नका लिहू, पण जेवता तरी का?” वहिनींनी डबा दिलेला असायचा तिच्याबरोबर. अकरा वर्षांनी वहिनींच्या घरचं जेवलो.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा दोरा जिभेला लावून बघितला. वेडेपणा. पण तीच चव. मग खोली बंद केली आणि दोन आठवडे यंत्राला हात लावला नाही. तुमचा राग आला, तो यायचाच. आठ-दहा वेळा पत्र लिहून फाडलं. त्यात जे होतं ते तुम्ही वाचण्यासारखं नव्हतं. म्हणजे शुद्धलेखन सोडाच. मग निराळाच राग आला. माझ्या हातांना आठवत होतं, आणि मी हातांवर विश्वास ठेवला नाही. सायकल समोर पडली होती, तिचं खरं मानलं. बायको म्हणायची, तुम्ही बांधला असेल दोरा, तुम्ही विसरत नाही. तिच्यावर ओरडायचो. ती गेली चार वर्षांपूर्वी. तिला सांगता येत नाही आता, की तुझं बरोबर होतं.

माफ केलं असं लिहीत नाही. ते लिहिण्यासारखं झालं की लिहीन. होईलच, असा शब्द देत नाही.

सायकल झाली. ब्रेक मीच बसवले. तेलाचे, डाव्याला पुढचा. तुमच्या पुस्तिकेत आहे म्हणून नाही, आणि माझ्या पद्धतीतही ते बसत नाही. पोरीच्या हातांना तेवढंच ठाऊक आहे, म्हणून. तीन दिवस इथल्या उतारावर तिला वर-खाली करायला लावलं, डोळे बांधून लिव्हर ओळखायला लावली. एकदाही चुकली नाही. आता जाऊ दे तिला.

दोरा तुम्ही पाठवलेलाच बांधलाय. विटलाय, आणि कापला गेल्यामुळे आखूड पडला. सहाच वेढे बसले. तो कापू नका.

उस्ताद


३१ मे

उस्ताद,

काल ती गेली. उजाडताना निघाली. या वेळी मी जागी होते आणि अंगणात उभी होते. टायरमधला दाब तिने स्वतः तपासला. किती भरला, ते मी विचारले नाही. फाटकाशी थांबून तिने डाव्या हाताचे बोट दोऱ्यावर एकदा फिरवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “कळलं, आत्या.” एप्रिलपासून ती माझ्याशी फारसे बोललेली नाही, म्हणून ते दोन शब्द नोंदवते.

भावजय पायऱ्यांवर येऊन बसली. मी जरा अंतर ठेवून बसले. आठच्या सुमारास जिन्याखालच्या खोलीतून टिकटिक आली. टिक टिक टिक, मग संथ. भाची तेव्हा डोंगरावर होती. भावजयीने माझ्याकडे पाहिले, म्हणजे तिनेही ऐकले. मी उठले नाही. खडूची खूण पाहिली नाही. आज सकाळीही पाहिलेली नाही आणि पाहणार नाही. आवाज हळूहळू थांबला, एखादी सायकल सपाटीला येऊन उभी राहावी तसा.

त्यानंतर सुमारे दोन तासांनी तोच आवाज रस्त्यावरून आला. भावजय माझ्या आधी उठली.

गुडघ्यापर्यंत चिखल होता. एक कोपर खरचटलेले होते, ते झाडाच्या फांदीने. “तिसरं वळण साधंच आहे,” ती आईला म्हणाली. “तिथे नुसती हवा आहे.” मग तिने सायकल माझ्याकडे दिली आणि म्हणाली, “पुसून ठेव. काही बदलू नकोस.”

मी पुसली. चेन, चाके, फ्रेम, दोन्ही लिव्हर. डाव्या लिव्हरवर तुमचे सहा वेढे मोजले. सहाव्या वेढ्यानंतर दोऱ्याचे एक टोक, साधारण दीड सेंटिमीटर, सुटून लोंबते आहे. दिसायला फार वाईट दिसते. कात्री हाताशी होती.

मी ते तसेच राहू दिले आहे.

ताई